गोठवू नये

तसं न्हाय पाव्हणं, आधी बसा. उभ्या उभ्या चौकशी करत्यात व्हय कुठं? ती खुर्ची नको, तिचा पाय लचकलाय, ह्या पालथ्या कॅनावर बसा, धुतलेला हाय. व्हय, हिंदुराव म्हंजे मीच. ह्या दूध संकलनाचा मालक म्हणा, हमाल म्हणा, आन् तुमी जिची चौकशी करताय त्या श्रेयाचा सख्खा चुलता. बरं केलं, आधी माझ्याकडं आलात. लोक काय करत्यात, गावात शिरलं की सरळ मुलीच्या बापाकडं जात्यात, पोहे खात्यात, आन् मग जन्मभर डोक्याला हात लावत्यात. दूध कसं, कॅनाच्या तोंडाशी बघून कळत न्हाय, तळापस्तोर डवली घालावी लागती. तुमी लोणी भापकरचं ना? आन् नवरदेव, तो पुष्कर, तुमचा भाचा — बरं बरं. मामा म्हंजे मानाचा माणूस. मामाला फसवून चालत न्हाय. आन् तो निळा डबा मांडीवर धरून का बसलाय? ठेवा की खाली. उजनीची मासळी हाय का? न्हाय? न्हाय तर न्हाय, मी आपलं विचारलं. गाडीत आजून कोण हाय वाटतं, काळ्या काचांतनं दिसना — ड्रायव्हर का? बोलवा चहाला. राहू दे म्हणताय? राहू दे. आसावरे! दोन कप टाक गं. — आले म्हणाली बघा. ती माझी लेक. आवाज दिला की 'आले', त्याच्या म्होरं दुसरा शब्द न्हाय. फॅटच्या मशीनवर तीच असती, दुधाला हात बी तिचाच. तिच्याबद्दल मागनं बोलू.

तर श्रेया. आता मी पोरीचं वाईट सांगणार न्हाय, माझ्या भावाची लेक हाय ती. राम माझा धाकटा. वाटण्या झाल्या म्हणून रक्त वाटलं जातंय व्हय? पोरगी सोन्यासारखी. बारामतीला कॉलेज, केमिस्ट्री घेतलेली, रंगानं उजळ, बोलायला गोड, म्हातारीकोतारीच्या पाया पडणारी. हिची रांगोळी बघायला गल्ली गोळा व्हती. दोष म्हणून काढायचा तर — जाऊ द्या. न्हाय, जाऊ द्या म्हणतो ना. एखाद्याच्या पोरीच्या संसारात आपण कशाला माती कालवायची? तुमी विचारलंच तर... विचारत न्हाय? मग मीच सांगतो, न्हायतर उद्या तुमीच म्हणाल, हिंदुरावाला सगळं ठावं व्हतं आन् त्यानं झाकून ठेवलं. पोरगी महिन्याला एक इंजेक्शन घेती. ताकदीचं न्हाय. डोक्याचं. — बसा, बसा, दचकू नका.

कॉलेजात असतानाच सुरू झालं. हिच्या कानात कोणतरी बोलायचं. कोण? कोण न्हाय, तेच तर. रिकाम्या खोलीत बसून हुंकार द्यायची. आमची भावजय आधी मोरगावला नेऊन आली, मग जेजुरीला, मग अंगारे-धुपारे, आन् शेवटाला बारामतीच्या डॉक्टरकडं. डॉक्टरनं गोळ्या दिल्या तर गोळी घेतली की दिवसभर झोपायची, न्हाय घेतली की रातभर जागायची. मग हे इंजेक्शन निघालं. नॅनोचं. सोसायटीत नॅनो युरियाची बाटली मिळती का न्हाय, तसलं बारीक काम. डोळ्याला दिसत न्हाईत असले मणी, आन् मण्यांच्या पोटात औषध कोंडलेलं. आन् मणी कशाचं? हितं खरी गंमत हाय. लॅक्टिक ॲसिडचं! लॅक्टिक ॲसिड म्हंजे काय हे मला विचारा, जन्म गेला त्यात. दूध नासतं ते त्याच्यानं. सकाळी कॅन आला की आसावरी नळीत थेंब टाकून आंबटपणा बघती, ते हेच. त्याच्या कड्या एकात एक अडकवून साखळी करत्यात, साखळीचा मणी करत्यात, आन् अंगात गेला की एकेक कडी सुटती, मणी झिजत जातो, आतलं औषध झिरपत ऱ्हातं — ठिबकावानी, मुळाशी थेंब थेंब, महिनाभर. शेवटाला मणी बी विरघळतो, मागं काय बी उरत न्हाय. हे मला कुणी सांगितलं? तिनंच. हितं बसून, दुधाचा भाव लिहितो त्या फळ्यावर चित्र काढून. "तात्या, तुमच्या दह्यातलंच आम्ल हाय हे, भ्यायचं काय कारण न्हाय," म्हणाली. हुशार हाय हो. डोकं नासलंय, पर हुशार हाय.

आता गावाला एवढं कुठलं कळायला. गावात बायका म्हणत्यात, तिच्या अंगात प्लास्टिक सोडत्यात. आन् प्लास्टिक भरलेल्या पोटात लेकरू कसं धरायचं, असं बी म्हणत्यात. कोण म्हणतं? आता नाव कुणाचं घ्यायचं पाव्हणं, वारं सुटलं की पाचोळा कुणाच्या बी दारात जातो. मी एकदा पारावर बोललो असंल. सहज. पॉलिमर म्हंजे मराठीत प्लास्टिकच की, एवढंच म्हणालो. त्याच्या म्होरं लोकांनी वाढवलं. मी काय सांगणार, विरघळतं म्हणून? कुणी विचारलं तर सांगणार ना. कुणी विचारलंच न्हाय.

घ्या, चहा घ्या. आसावरे, पाव्हण्यांना साखर विचार. — बघा, विचारलं बी न्हाय, ठेवला कप आन् गेली. असली हाय. तोंड म्हणून न्हाय तिला. कुठं व्हतो मी? हां. साखरपुडा. तुमास्नी म्हाईत न्हाय? हिचा एकदा साखरपुडा झालाय — झालाय म्हंजे मोडलाय. बावड्याचं स्थळ, इंद्रजित नावाचा पोरगा, बागायतदार, घरी द्राक्षं. मंडप माझ्याच दारात. माझंच अंगण मोठं ना. पोरगी हिरवं नेसून पाटावर बसली, सासूबाई ओटी भरायला वाकल्या, आन् हिनं दोन्ही हात कानावर घेतले. म्हणती, तो भोंगा बंद करा, माझं नाव घेतोय तो. भोंग्यावर सनई लागलेली! सासू हसली आधी, वाटलं पोरगी लाजली. मग ओटीतला नारळ घेऊन हिनं भोंग्याकडं भिरकावला. नारळ लागला नवऱ्या मुलाच्या आजोबाला. आन् मग ही मंडपाच्या कनातीमागं जाऊन, जनावर कसं कोपऱ्यात बसतं तसं — गुडघ्यात तोंड घालून — काय सांगू तुमास्नी. हळदीकुंकवाच्या बायका एकमेकींच्या अंगावर पडत व्हत्या बघायला. राम आपला मधी उभा, डोक्यावरचा फेटा सुटून खांद्यावर आलेला, त्याला बी कळंना पोरीला धरू का पाव्हण्यांना. थांबा, दावतो. माझ्या फोनात हाय. व्हय, मीच काढलं, त्यात काय, साखरपुड्याचं शूटिंग कोणतरी काढतंच की. सगळीकडं गेलं ते, बावड्यापस्तोर, इंदापूरपस्तोर. माझ्याकडनं भावकीच्या ग्रुपवर टाकलं गेलं, म्होरं लोकांनी टाकलं. बघा, हितनं बघा, नारळाच्या आधी — बघत न्हाय? बरं. तुमची मर्जी. हे बघायलाच लोक लांबनं येत्यात.

इंद्रजितचं म्हणाल तर मला वाईट वाटलं न्हाय. खरं सांगू का, ते स्थळ मुळात हिचं नव्हतंच. ती लोकं आसावरीला बघायला आलती. माझ्या दारात, माझ्या लेकीला. आमची आसावरी थोरली, श्रेयापेक्षा मोठी. सगळं ठरल्यागत व्हतं. ह्या बाईसाहेब नुसत्या पाण्याचा तांब्या घेऊन आल्या, मदतीला म्हणून, वेणीत आबोली माळून. दोन दिवसांनी निरोप आला, थोरली नको, पाणी दिलेली चालंल. पाणी दिलेली! आन् माझा भाऊ, रामराव, तो काय म्हणाला असंल? म्हणाला असंल का, न्हाय बाबा, आधी दादाच्या पोरीचं होऊ द्या? त्यानं पेढे वाटले. माझ्या दारात येऊन मलाच पेढा दिला. खाल्ला मी. गोड व्हता.

न्हाय, राग कसला. तुमी भलतंच विचारता. मी काय म्हणत व्हतो, की साखरपुड्याच्या दिवशी असं झालंच कसं, हा प्रश्न सगळ्यास्नी पडला. इंजेक्शन तर घेतलेलं. महिना संपाया वेळ व्हता. डॉक्टर बी चक्रावला. म्हणाला, हिच्या अंगात औषध टिकत न्हाय बहुतेक, वेगळं बघावं लागंल. आन् पोरीनं ते एवढं मनाला लावून घेतलं — आता बी तुमच्या भाच्याला ती हेच म्हणत असणार. माझ्या अंगालाच लागू पडत न्हाय, कधी सुटंल सांगता येत न्हाय, मला लग्नच नको. असंच म्हणती ना? म्हणतीच. शहाणी हाय मग. त्यातच तिचं भलं हाय. तुमच्या भाच्याचं बी.

खरं कारण? खरं कारण कुणास्नी म्हाईत. इंजेक्शन कुठं ठेवत्यात म्हंजे? हितंच ठेवत्यात की. तो फ्रिज दिसतोय ना, त्या मशीनच्या मागं. रामची वस्ती मळ्यात, तितं लाईटचा भरवसा न्हाय, आन् हे इंजेक्शन थंडच ऱ्हायला लागतं. कुरिअर आलं की हितं उतरवत्यात, माझ्याकडं इन्व्हर्टर हाय, जनरेटर हाय. मी नको म्हणालो का? भावाची लेक. खालच्या कप्प्यात ठेवायचं, ताकाच्या बरण्यांशेजारी. खोक्यावर तिनं चिकटपट्टीनं चिठ्ठी लावलेली असती, दर खेपंला, मोत्यासारखं अक्षर — 'तात्या, खालीच ठेवा. गोठवू नये.' आता मला सांगा, गोठवू नये, ह्याचा अर्थ आमच्यासारख्या माणसानं काय घ्यायचा? वळूचं वीर्य आमी नायट्रोजनच्या कॅनात ठेवतो, दगड हुतो त्याचा, तरी वर्षानुवर्षं टिकतं आन् कालवड बी व्हती. मग आमची समजूत काय, जितकं गार तितकं चांगलं. साखरपुड्याच्या त्या खेपंला खोकं वरच्या फ्रीझरात गेलं. चुकून. आइस्क्रीमच्या डब्यांवर. बर्फ धरलेला त्याला. अडाणी माणसाची चूक, दुसरं काय.

कसं समजलं म्हंजे? काय समजलं? गोठल्यावर काय हुतं ते? अवो, दुधात जन्म गेला माझा, मला शिकवता व्हय? कूलरच्या कडंला दूध नुसतं गोठलं तरी मी आसावरीच्या अंगावर धावून जातो. गोठलं की फाटलं, चरबी सुटी हुती, मग कितीबी घुसळा, परत जुळत न्हाय. मण्यांचं बी तेच. आत पाण्याचे सुयांगत खडे हुत्यात, मणी चिरफळत्यात, आन् मग कसली ठिबक न् कसलं काय — पाटाला भगदाड पडल्यागत सगळं औषध पहिल्या आठवड्यातच धो धो वाहून जातं. पोरगी चार दिवस गुंगीत पडती, म्हागनं वाफा कोरडा. श्रेयानं सांगितलं व्हतं मला हे, चित्र काढलं त्याच दिवशी. म्हणून तर चिठ्ठी लावायची ती. मला म्हाईत व्हतं म्हंजे — आधी म्हाईत व्हतं असं न्हाय. आधी सांगितलं व्हतं तिनं, पर ध्यानात कुठं ऱ्हातं. धंद्याची माणसं आमी.

डॉक्टरला सांगायचं का? कशाला? मला कुणी विचारलंच न्हाय. दोषाला धनी लागतो पाव्हणं, आन् तिनं स्वतःच घेतला की अंगावर. मी कशाला मधी पडू?

आन् ते एवढं सोडा हो, माझं तर आता मत झालंय की पोरीला आजारच नव्हता. ढोंग! कसं म्हणाल तर ऐका. साखरपुड्यानंतर ह्या पोरीला काय हुयाला पाहिजे व्हतं? दर महिन्याला मी — तरी ही ठणठणीत. हसती, बोलती, शिकवण्या घेती, तुमच्या भाच्याबरोबर फोनवर बोलत मळ्याच्या बांधावर फिरती. कसं काय? खोकं दर खेपंला वर असतं. मी स्वतः ठेवतो, स्वतः काढतो, कडक झालेलं असतं, बर्फ पुसून परत खाली ठेवतो, राम येतो, घेऊन जातो, डॉक्टर टोचतो, आन् तिला काय बी हुत न्हाय! मग हाय का न्हाय ढोंग? औषध फुटलेलं असून माणूस नीट ऱ्हातं म्हंजे त्याला औषध लागतच नव्हतं.

...

असं काय बघताय? तोंडातनं गेलं एखादं. दर खेपंला म्हंजे एक-दोनदा. मी काय इख घातलं न्हाय तिच्यात. औषधच हाय, तिचंच हाय, मी नुसतं वरच्या कप्प्यात ठेवलं. त्याला गुन्हा म्हणत्यात व्हय? चहा निवला तुमचा.

बरं, आता कामाचं बोलू. तुमास्नी मुलगी पाहिजे, आमच्या घरातलीच पाहिजे, तर ही हाय की. आसावरी. रंगानं जरा सावळी हाय, नाक बसकं हाय, आईवर गेली, पर डोकं जाग्यावर. कानात कोण बोलत न्हाय तिच्या, तीच कुणाशी बोलत न्हाय. नवऱ्याला आणखी काय पाहिजे? बैलासारखी राबती. इंजेक्शन न्हाय, गोळी न्हाय, साधा ताप आला तरी काढा पिऊन उभी. रूपाचं काय पाव्हणं, रूप उतू जातं, कष्ट ऱ्हात्यात. तुमी बघा भाच्याशी बोलून. इतकी वर्षं ठेवलीय मी तिला, दोन-चार महिनं आजून —

म्हाईत हाय? काय म्हाईत हाय? इंजेक्शनचं? तुमास्नी? आधीपासनं? तिनंच सांगितलं, पहिल्याच भेटीत? समद्यांच्या म्होरं? आन् पोराची आई... आन् तरी? हां. हां. मग कनातीमागचं — ते बी बघितलंय. मग मघापास्नं मुकाट बसून ऐकून काय घेत व्हता? आन् चौकशी कसली? मुलीची न्हाय? मग कुणाची? — फ्रिजची?

कुणी सांगितलं तुमास्नी हितं या म्हणून? रामनं? रामला काय कळतंय. मग? ... कोण, आमची? आमची आसावरी? ती बोलती कुठं! ती तुमच्याशी बोलली? काय म्हणाली? 'आबांना नुसतं बसू द्या, ते सगळं स्वतःच सांगतील' — माझ्याबद्दल असं म्हणाली? हिच्या आयला — आसावरे! भाईर ये. कवापासनं हाईस दारात? आत हो. आत हो म्हणतो ना. त्या फ्रिजला हात लावू नको. हितं पाव्हणं हायत म्हणून मी गप हाय. काय काढतीयस? ती ताकाची बरणी कशाला सरकवतीस? काय हाय त्याच्या म्हागं —

कसली बाटली ही? श्रेयाची? आन् मग वर ते खोकं? चिठ्ठीचं? काल माझ्या हातानं ठेवलंय मी, थांबा. थांबा म्हणतो. हे बघा. हे बघा, बर्फ धरलाय, चिठ्ठी बी हाय, सील बी — सील परत चिकटवलंय. आत... ही तर रिकामी हाय. जुनी. वापरलेली. आसावरे, हे कवापासनं? साखरपुड्यापासनं? आन् रामला देताना खरी आत घालायचीस? त्या खेपंला खोक्यावर बर्फ बघितलास, आन् एका शब्दानं बोलली न्हाईस, आन् मी दर महिन्याला रिकामं खोकं गारठवत बसलोय? बापाला खेळवत व्हतीस व्हय? अगं कुणासाठी केलं मी हे? माझ्यासाठी? मला काय मंडप पाहिजे व्हता? तुझ्या नाकावर टिच्चून ती पाणी देऊन गेली, तुझ्या! तुझ्याच —

नका, पाव्हणं, तुमी मधी बोलू नका. तो डबा आता उघडलात व्हय. बर्फ घालून आणलाय. म्हंजे त्यासाठी व्हता तो डबा. घाल, घाल त्यात, दे त्यांच्या हातात. आता डॉक्टरला सांगाल ना जाऊन? सांगा. अंगात टिकतंय म्हणावं औषध. तिला सांगा, तुझ्यात खोट नव्हती, खोट चुलत्यात व्हती. नाचंल ती. आन् लग्न करा थाटात, मला पत्रिका नका पाठवू, मी येणार न्हाय. — गाडीचं दार कोण उघडतंय? ड्रायव्हर ना तो? ड्रायव्हरच्या हातात हिरव्या बांगड्या कशा? श्रेया हाय आत. समदा वेळ हितंच व्हती ती? माझ्या दारात, काच लावून?

जावा. उठा, जावा, कॅन लागतोय मला. जावा म्हणतो ना, संध्याकाळच्या दुधाची वेळ झाली, माणसं येतील. तू कुठं निघालीस? आसावरे, तू कुठं? गाडीत बसायचं काय कारण? चहाची कपं कोण उचलणार, मशीन कोण लावणार? हिकडं बघ. मी बोलावतोय. आसावरे!

आसावरे?

आले म्हण की.